रंगमंचासाठी पैसा कुठून? वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले प्रश्न नाटक, नृत्य आणि लोककलेत काम करणाऱ्या वाचकांचे आहेत. सरकारी योजनांच्या रकमा आणि अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरायला बसण्याआधी चालू वर्षाची जाहिरात एकदा शब्दन् शब्द वाचा.

प्रश्न: आमची हौशी नाट्यसंस्था नोंदवून सहा वर्षं झाली. राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो. आता स्पर्धेबाहेर एक नवं दोन अंकी नाटक करायचं आहे. केंद्र सरकार नव्या नाटकाला पाच लाख देतं असं ऐकलं. ते कसे मिळवायचे? (सांगली)

तुम्ही ऐकलेली योजना म्हणजे केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेतलं सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान. नाटक, नृत्य, संगीत यांची निर्मिती, महोत्सव, कार्यशाळा, परिसंवाद हे सगळं त्यात बसतं. पाच लाख ही कमाल मर्यादा आहे. अपवादात्मक प्रकल्पाला वीस लाखांपर्यंत जाता येतं, पण पहिल्याच अर्जात तो विचार करू नका. नोंदणीला तीन वर्षं झालेली असावी लागतात, ती अट तुम्ही पूर्ण करता.

आधी पैशांचा हिशोब समजून घ्या, कारण बहुतेक संस्था अडकतात त्या इथेच. अनुदान पूर्ण खर्चाला मिळत नाही. ते साधारण खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत असतं आणि बाकीचा वाटा संस्थेने उचलायचा असतो. शिवाय मंजूर रक्कमही एकदम हातात पडत नाही. ७५ टक्के आधी येतात आणि उरलेले २५ टक्के हिशोब सादर केल्यावर.

तुमच्यासारख्या संस्थेचं अंदाजपत्रक असं असू शकेल: लेखकाचं मानधन २५,०००, दिग्दर्शक ४०,०००, आठ नटांना प्रत्येकी १५,००० म्हणजे १,२०,०००, नेपथ्य ६०,०००, प्रकाशयोजना आणि दिव्यांचं भाडं ४५,०००, वेशभूषा-रंगभूषा ३५,०००, संगीत ३०,०००, तालमीच्या जागेचे चाळीस दिवसांचे २०,०००, तीन प्रयोगांसाठी नाट्यगृहाचं भाडं ३६,०००, प्रवास आणि टेम्पो ३४,०००, छपाई व प्रसिद्धी १५,०००, चित्रीकरण १५,००० आणि लेखापरीक्षण ५,०००. एकूण ४,८०,०००. त्याच्या ७५ टक्के म्हणजे ३,६०,००० मंजूर झाले असं धरू. त्यातले २,७०,००० आधी येतील, ९०,००० शेवटी. म्हणजे नाटक उभं राहीपर्यंत संस्थेला स्वतःजवळचे २,१०,००० फिरवावे लागतील. त्यातले १,२०,००० तिचा स्वतःचा वाटा म्हणून गेले ते गेलेच. ही रक्कम तिकीटविक्रीतून, देणग्यांतून किंवा सभासदांकडून उभी राहणार नसेल, तर नाटक लहान करा. दोन नट कमी, नेपथ्य सुटसुटीत, प्रयोग दोनच. व्याजाने पैसे काढून अनुदानाची वाट पाहणं आम्ही कुणालाही सुचवणार नाही. शेवटचा हप्ता कधी येईल याचा भरवसा देता येत नाही.

आता कागदपत्रं. महाराष्ट्रातल्या संस्थेकडे सहसा दोन प्रमाणपत्रं असतात: एक १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालचं, दुसरं १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालचं. दोन्ही लागतात. त्याबरोबर घटना आणि नियमावली (उद्दिष्टांत नाटक किंवा कला हा शब्द असलाच पाहिजे), तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, संस्थेच्या नावाचा पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, एनजीओ दर्पण या सरकारी संकेतस्थळावरचा क्रमांक आणि पैसे थेट खात्यात येण्यासाठी पीएफएमएस या केंद्राच्या प्रणालीवरची नोंदणी. यातली मेख म्हणजे नाव. नोंदणीत ‘कला मंच’, पॅनवर ‘कलामंच’ आणि बँकेत ‘कला मंच, सांगली’ अशी तीन नावं असतील, तर अर्ज तांत्रिक छाननीतच अडकतो. अर्जाच्या आधी सगळीकडे एकच नाव, एकाच स्पेलिंगने करून घ्या. पॅनची दुरुस्ती आणि त्यानंतर बँकेची, या क्रमाने गेलात तर वेळ वाचतो.

दुसरी अडचण बदल अर्जाची. कार्यकारिणी बदलली की १९५०च्या त्याच विश्वस्त अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक हौशी संस्थांनी तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो आणि परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची अधिकृत नोंद) जुने, कधी कधी हयात नसलेले विश्वस्त दिसतात. मग अर्जावर ज्या अध्यक्षाची सही आहे तो कागदोपत्री अध्यक्षच नसतो. नाटकाची संहिता निवडायच्या आधी हा उतारा काढा. बदल अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच आणि प्रकरण क्रमांक जोडा.

संहितेबद्दल दोन गोष्टी. लेखकाची लेखी परवानगी हवी, रूपांतर असेल तर मूळ लेखकाची किंवा हक्कधारकाचीही. आणि महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. ते अर्जासोबत जोडता आलं तर उत्तम, कारण नाटक खरोखर प्रयोगाच्या टप्प्यावर आहे हे त्यातून दिसतं.

मंजुरीपत्र आलं की त्यातला कालावधी वाचा आणि त्याबाहेरचं एकही बिल हिशोबात धरू नका. कुणालाही एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका. नटांचं मानधनही खात्यावरच टाका. दिवे विकत घेण्याचा मोह टाळा, निर्मितीच्या पैशांत भाडं बसतं, मालमत्ता सहसा बसत नाही. शेवटी सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, सनदी लेखापालाच्या सहीचा हिशोब, प्रयोगाचे फोटो आणि कात्रणं. हे प्रमाणपत्र थकलं तर पुढची कुठलीही केंद्रीय मदत थांबते. संस्थेतल्या एकाच माणसाने पहिल्या दिवसापासून बिलं एका फाइलमध्ये लावत जावं. तो माणूस नाटकात काम करणारा नसावा, तालमी सुरू झाल्या की त्याला फाइल सुचत नाही.

प्रश्न: मी कथक नर्तकी आहे, वय २७. शिष्यवृत्ती घ्यावी की फेलोशिप? महिन्याला पैसे मिळाले तर नोकरी सोडून पूर्ण वेळ नृत्य करता येईल. (नाशिक)

वयाने प्रश्न अर्धा सोडवलाच आहे. संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी असते: दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये, आणि त्याआधी गुरूकडे किंवा संस्थेत निदान पाच वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. तुम्हाला लागू होते ती कनिष्ठ फेलोशिप: वय २५ ते ४०, दोन वर्षं दरमहा १०,०००. चाळिशीनंतर वरिष्ठ फेलोशिप आहे, दरमहा २०,०००.

रकमेपेक्षा मोठा फरक हेतूचा आहे. शिष्यवृत्ती पुढचं शिकण्यासाठी, फेलोशिप एखाद्या विषयावर काम करण्यासाठी. ‘मला माझ्या गुरूंकडे आणखी तालीम घ्यायची आहे’ हे वाक्य फेलोशिपच्या अर्जात आलं की तो अर्ज कमजोर झाला. विषयही नेमका हवा. ‘कथक आणि महाराष्ट्र’ यावर दोन वर्षांत काही होणार नाही. ‘बैठकीच्या लावणीतली अदा आणि कथकमधला ठुमरीचा भाव’ हा विषय मात्र हातात मावतो: दहा लावण्या, त्या सादर करणाऱ्या पाच-सहा कलावंतांच्या भेटी, त्याच ओळींवर दोन्ही पद्धतींनी केलेली भावाची तुलना आणि शेवटी एक तासाचं सादरीकरण.

पैसे सहा-सहा महिन्यांच्या चार समान हप्त्यांत मिळतात, म्हणून कामाचेही चार तुकडे करा. पहिल्या सहामाहीत वाचन आणि लावण्यांची निवड. दुसरीत भेटी आणि ध्वनिमुद्रण. तिसरीत रचना. चौथीत सादरीकरण आणि लेखन. प्रत्येक सहामाहीचा अहवाल द्यावा लागतो आणि तो पुढच्या हप्त्याशी बांधलेला असतो. असं नियोजन अर्जातच दिसलं तर परीक्षकांना विश्वास वाटतो, आणि अहवाल लिहिताना तुम्हालाही नवं काही जुळवावं लागत नाही.

नोकरी सोडू नका. दोन वर्षांत मिळून २,४०,००० होतात, तेही महिन्याच्या पगारासारखे एक तारखेला येत नाहीत. प्रवास, साथीदार, ध्वनिमुद्रण यांचा खर्च काढला तर हातात फार उरत नाही. कामाचे तास कमी करता आले तर तेवढंच करा.

प्रश्न: पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दंडार हे लोकनाट्य करणारे जुने जाणकार आता मोजकेच राहिलेत. त्यांची गाणी लिहून घ्यायची आहेत, व्हिडिओ करायचे आहेत, आणि गावातल्या पोरांना शिकवायचं आहे. मला इंग्रजी लिहिता येत नाही. (देसाईगंज, गडचिरोली)

इंग्रजी येत नाही ही तुमची अडचण राहू नये. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे, म्हणजे आयएफएकडे, कुठल्याही भारतीय भाषेत प्रस्ताव पाठवता येतो. ही १९९३ साली स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे, सरकारी नाही, आणि व्यक्तीलाही अनुदान देते. कलेवरचं संशोधन आणि कलावंतांचं स्वतःचं काम, दोन्हींसाठी तिचे वेगळे कार्यक्रम आहेत. मराठीतच लिहा. दंडारीतली झाडीबोलीची पदं जशीच्या तशी द्या आणि खाली अर्थ लिहा.

पण तुमच्या पत्रात दोन कामं एकत्र आली आहेत, ती वेगळी करा. नोंद करणं आणि शिकवणं यांना पैसे देणारे वेगवेगळे असतात. नोंदीचं काम आयएफएकडे मांडता येईल. शिकवण्यासाठी नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची गुरू-शिष्य परंपरा योजना बघा. क्षेत्रीय केंद्रांच्या या योजनेत गुरूला दरमहा ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये असं मानधन ठरलेलं आहे. यात गुरू म्हणून नाव जाणत्या दंडारकाराचं जाईल. तुम्ही त्यांच्या वतीने अर्ज भरा, पत्रव्यवहार सांभाळा.

आयएफएच्या प्रस्तावात ‘दंडार लोप पावत आहे’ यावर दोन पानं घालवू नका. हे प्रत्येक लोककलेच्या प्रस्तावात असतं. त्याऐवजी तुम्हाला काय शोधायचं आहे ते लिहा. उदाहरणार्थ, एकाच कथेची पदं दोन गावांत कशी बदलतात, किंवा झाडीपट्टीच्या व्यावसायिक नाटकांनी दंडारीतलं काय उचललं. कुणाकडे जाणार, कोणत्या गावांत, वर्षातल्या कोणत्या महिन्यात (मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम सांभाळूनच आखणी करा), आणि हे काम तुम्हीच का करावं, एवढं तीन-चार पानांत पुरे.

खर्चात जुन्या कलावंतांचं मानधन स्वतंत्र ओळीत दाखवा. त्यांच्या वेळेचे पैसे न धरता फक्त कॅमेऱ्याचं भाडं लिहिलेला प्रस्ताव आम्हाला खटकतो, आणि वाचणाऱ्यांनाही खटकतो. तयार झालेल्या ध्वनिफिती आणि चित्रफिती संग्रहात जातात, म्हणून मुद्रणाआधी प्रत्येकाची संमती मराठीत लिहून घ्या: काय मुद्रित होतंय, कुठे ठेवलं जाईल, कोण वापरू शकेल. लिहिता न येणाऱ्यांची संमती कॅमेऱ्यासमोर तोंडी घ्या.

प्रश्न: मी समकालीन नृत्य करते. युरोपातल्या एका संस्थेने तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीसाठी निवडलं आहे. राहणं आणि स्टुडिओ त्यांचा, शिवाय दरमहा भत्ता. परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए लागतं का? (पुणे)

तुमच्यासारख्या व्यक्तीला मिळणाऱ्या शिष्यवृत्ती, भत्ता आणि तत्सम रकमांना २०१०च्या परदेशी योगदान कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या, कलम ४ मध्ये सूट आहे. निमंत्रणपत्रात ‘स्टायपेंड’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्या आणि पत्र जपून ठेवा. मात्र पुढे त्याच संस्थेने भारतात परतल्यावर पुण्यात कार्यक्रम करण्यासाठी तुम्हाला अनुदान दिलं, तर गोष्ट बदलते. ठरावीक सांस्कृतिक कार्यक्रमासाठी आलेलं परदेशी अनुदान व्यक्तीलाही या कायद्याखाली आणू शकतं. त्या वेळी सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय खात्यात पैसे घेऊ नका.

आता तारखा मोजा. शेंगेन देशांत कमी मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. १ जुलै ते ३० सप्टेंबर म्हणजे तीन महिने, पण दिवस होतात ९२. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात धरतात. यजमान संस्थेकडून तारखा ९०च्या आत बसवून घ्या, किंवा त्यांना दीर्घ मुदतीच्या व्हिसाची कागदपत्रं द्यायला सांगा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायला उशीर होतो, तेव्हा निवडपत्र हातात येताच कामाला लागा. प्रवासविमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. तुम्ही नर्तकी आहात, म्हणून सरावात झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे लेखी विचारा. स्वस्त विम्यांत ती अनेकदा वगळलेली असते.

विमानभाड्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. ते तुमच्यावर असेल तर संस्थेकडे एकदा विचारून पाहा, मागणं उद्धटपणाचं नाही. पुढच्या वेळी शोधताना दिल्लीत कार्यालय असलेल्या प्रो हेल्वेशियासारख्या संस्था बघा. ही स्वित्झर्लंडची सरकारी कला परिषद आहे, आणि तिच्या साधारण तीन महिन्यांच्या रेसिडेन्सी व चार आठवड्यांपर्यंतच्या अभ्यासदौऱ्यांत प्रवास आणि राहणं दोन्ही धरलेलं असतं. उलट, निवड झाल्यावर ‘सहभाग शुल्क’ मागणाऱ्या जागांपासून लांब राहा. भाड्याने खोली आणि हॉल देण्याच्या धंद्याला त्या रेसिडेन्सी म्हणतात.

प्रश्न: आमची आई गोंधळ आणि जागरणात गाते, वय ५८. कुणी म्हणतं पेन्शन लागू होते. प्रमाणपत्र एकही नाही. (सातारा)

महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आईंना लागू होऊ शकते. वयाची अट ५० वर्षांची, अपंगांना ४०. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत हवं आणि कलेत निदान पंधरा वर्षं काम झालेलं असावं. एप्रिल २०२४ पासून मानधन दरमहा ५,००० रुपये आहे. निवड जिल्हा समिती करते आणि दरवर्षीचा कोटा ठरलेला असतो, म्हणून एका वर्षी नाव आलं नाही तरी अर्ज सोडून देऊ नका.

प्रमाणपत्र नसणं हे लोककलावंतांचं नेहमीचं दुखणं. पुरावा गोळा करावा लागेल. ज्या घरी आई गोंधळाला गेल्या त्यांच्या लग्नपत्रिका, सोहळ्यातले फोटो (मागे तारीख आणि गाव लिहून), जत्रा समितीचं पत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, आकाशवाणीवर किंवा एखाद्या महोत्सवात गायल्या असतील तर त्याचं पत्र. पंधरा वर्षं दाखवायची आहेत, तेव्हा सगळे पुरावे मागच्या दोन वर्षांतले नकोत. जुना एक फोटो नव्या पाच फोटोंपेक्षा कामाचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा घ्या, आणि आधार, बँक पासबुक व वयाचा दाखला यांवर आईंचं नाव सारखं आहे का ते तपासा. माहेरचं-सासरचं नाव आणि जन्मतारीख यांत फरक निघाला तर आधी तो दुरुस्त करा. गोव्यात राहणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांसाठी तिथल्या कला व संस्कृती संचालनालयाची कला सन्मान योजना आहे.

प्रश्न: आमचं मराठी मंडळ महाराष्ट्रातल्या एका बालनाट्य संस्थेला दरवर्षी काही डॉलर पाठवू इच्छितं. थेट पाठवले तर चालतील? (न्यू जर्सी)

मंडळाच्या खात्यातून नाही. मंडळ ही अमेरिकेत नोंदलेली संस्था, म्हणून तिचा पैसा परदेशी योगदान ठरतो. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं असल्याशिवाय तिने तो घेतला तर ती अडचणीत येते. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत वळवण्याची वाटही २०२० पासून बंद आहे. सभासदांपैकी जे अजून भारतीय पासपोर्टवर आहेत, ते स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, स्वतःच्या नावाने देणगी देऊ शकतात. ती परदेशी योगदान मानली जात नाही. अमेरिकी नागरिक झालेल्यांना, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, ही सवलत नाही. देणगी घेताना संस्थेने पासपोर्टची प्रत मागितली तर वाईट वाटून घेऊ नका, ती बरोबर करते आहे.

प्रश्न: जवळच्या कारखान्याने आमच्या संगीत विद्यालयाला सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून, मदत करायची तयारी दाखवली, पण ‘सीएसआर-१’ मागतात. (कोल्हापूर)

हा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ऑनलाइन भरायचा फॉर्म आहे. १ एप्रिल २०२१ पासून त्याच्या क्रमांकाशिवाय संस्थेला सीएसआरचं काम घेता येत नाही. त्यासाठी आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते. ती नसेल तर सनदी लेखापालाकडून आधी तो अर्ज करा, त्यालाच जास्त वेळ लागतो. कारखान्याला देताना मदतीचं वर्णन कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या कला-संस्कृतीच्या कलमाला धरून लिहा: किती मुलं, कोणती वाद्यं, किती महिने, गुरुजींचं मानधन किती. वार्षिक संमेलनाच्या कमानीवर कारखान्याचं नाव झळकवण्यासाठी दिलेला पैसा मात्र प्रायोजकत्व होतो. त्याचा जीएसटीचा हिशोब वेगळा, आणि तो सीएसआरमध्ये दाखवायला कारखान्याचा लेखापालही तयार होणार नाही.